पत्रिकेतली वेलांटी जागेवर का बसत नाही?

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात माझं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान आहे. भाच्याने पायथॉनमधे प्रोग्राम बनवून दिला, नावं टाकली की पत्रिका तयार. इंग्रजी फर्स्टक्लास येतं, पण मराठीत 'चि.'ची वेलांटी 'च'च्या नंतर येते अन् शर्मिलामधे रफारच येत नाही, 'र' पाय मोडून तसाच उभा. तीन फॉन्ट बदलले, तेच. वरून मोमिनपुऱ्यातून उर्दू पत्रिकेची विचारणा आहे आणि एकाला गोंडी लिपीत हवी. नवीन फॉन्ट विकत घेऊ का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नका घेऊ भाऊ, पैसे वाचवा. फॉन्टमधे अक्षरांची चित्रं असतात आणि ती कशी जोडायची याचे नियम असतात, पण ते नियम वाचून जोडणारं शेपिंग इंजिन वेगळं लागतं, अन् भाच्याच्या प्रोग्राममधे तेच नाहीये. तो एक कोड (अक्षराचा ठरलेला नंबर) उचलतो, एक चित्र ठेवतो, पुढे सरकतो. इंग्रजीचं तेवढ्यात भागतं.

आता तुमची शर्मिलाच घ्या. युनिकोडमधे, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या ठरलेल्या नंबरांच्या यादीप्रमाणे, आपण बोलतो त्या क्रमाने साठवतात : श, र, हलन्त, म, वेलांटी, ल, काना, झाले 7 कोड. छापताना मात्र 'म'च्या नंतरची वेलांटी त्याच्या आधी येते आणि आधीचा 'र्' रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढतो. जुन्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा हे सवयीने करायचा, कॉम्प्युटरला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

भाचा म्हणेल मामा मीच प्रोग्राममधे लिहितो, वेलांटी एक घर मागे घेतो की झालं. त्याला थांबवा. शर्मिला जमेल आणि नवरदेव स्वप्निल निघाला की अडकेल, कारण तिथे वेलांटीला अख्खा 'प्न' ओलांडायचा असतो. हार्फबझ नावाचं फुकट इंजिन आहे, क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड सगळे तेच वापरतात (नाव फारसीतलं, हर्फ म्हणजे अक्षर). भाच्याने पिलो (पायथॉनमधे चित्रं बनवायची तयार लायब्ररी) वापरली असेल तर तिच्यातला अक्षरं मांडणारा जोडभाग, राक्म, चालू आहे का बघायला सांगा, ते आतून हार्फबझलाच बोलावतं. मग 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' दोन्ही छापून बघा, लग्नात गुरुजी आणि सैपाकी यांची अदलाबदल नको.

उर्दूत अक्षराचं रूप शब्दात ते कुठे बसलंय त्यावर बदलतं आणि ओळ उजवीकडून चालते पण तारखेचे आकडे डावीकडूनच, तेही राक्म सांभाळतं. फॉन्ट मात्र नस्तालिकच (उर्दूची तिरकी, उतरती लिखावट) लावा, नस्खमधे (अरबीची सरळ लिखावट) छापलं तर गिऱ्हाईक नाक मुरडेल.

गोंडीवाल्याला आधी विचारा, कोणती लिपी? बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मधे केलेली मसराम गोंडी वेगळी, तेलंगणातली गुंजाळा गोंडी वेगळी. पहिली युनिकोडमधे 2017 ला आली, दुसरी 2018 ला, म्हणून हार्फबझ जुनं ठेवू नका. दोन्हींचे नोटो नावाचे फॉन्ट फुकट मिळतात. आणि मसराममधे हलन्तासाठी दोन वेगळे कोड आहेत, एक दिसणारा, एक नुसता जोडाक्षर करणारा, टाइप करताना इथेच घोळ होतो. पहिलं प्रूफ गिऱ्हाइकाकडून वाचून घेतल्याशिवाय मशीनला लावू नका, चुकलं तर आपल्याला ओळखूसुद्धा येणार नाही.