पाचवीची सहामाही जवळ आलीय? आधी एवढंच करा

ताई, लेकीच्या सहामाहीची तयारी कुठून सुरू करू, असं विचारलंत ना? सगळे विषय एकदम हाती घेऊ नका. माझी दोन्ही मुलं राज्य मंडळाच्या पाचवीतून गेलीत, त्या अनुभवावरून सांगते. खरी मेख गणितात आहे, आणि तीही अपूर्णांकांत.

८ हा ६ पेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/६ पेक्षा मोठा, असं मुलांना अगदी मनापासून वाटतं. वहीत दहा वेळा समजावून माझी लेक ऐकेना. शेवटी दोन सारख्या भाकऱ्या घेतल्या, एकीचे सहा तुकडे केले, दुसरीचे आठ. तिने दोन तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले आणि स्वतःच म्हणाली, "अगं, वाटेकरी वाढले की वाटा लहान!" बेरजेत वरचे-वरचे, खालचे-खालचे अंक मिळवण्याची चूकही इथेच सुटते. छेद समान करण्याची घाई नको, आधी तुकडे हाताळू दे.

परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरं पाठ करून घेऊ नका, ही आम्हा सगळ्यांचीच पहिली चूक. अश्मयुगाचा धडा आला की तुमच्या लेकीला पुण्यातल्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात न्या, जाण्याआधी वेळ विचारून घ्या. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला ताम्रपाषाणयुगातलं, म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरणाऱ्या लोकांचं, गाव उत्खननात सापडलंय, हेही सांगा. मग उत्तर ती स्वतःच्या शब्दांत लिहील.

मराठी-इंग्रजीसाठी रोज एक पान मोठ्याने वाचन, बस. गाईड आणि सराव परीक्षांचं दिवाळीनंतर बघू. तुम्ही वेळेत विचारलंत, छान होईल सगळं.