माझा मुलगा पाचवीत आहे. एसटीत आणि शाळेत नववीतली चार मोठी मुलं त्याला रोज त्रास देतात. काय करावं? 'तूही दोन ठेवून दे', असं त्याला सांगू का?

ताई, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी घेतो: 'तूही दोन ठेवून दे, असं त्याला सांगू का?' नका सांगू. पाचवीतलं पोरगं नववीतल्या चौघांना दोन ठेवून देईल, अन् दुसऱ्या दिवशी ते चौघं फाट्यावर त्याची वाट पाहत उभे असतील. वर हेडमास्तरांकडे गेलात तर 'दोघांचीही चूक आहे' ऐकून परत याल.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये सव्वीस वर्षं शिकवलं. आपल्याकडे जून संपता संपता शाळा उघडल्या की हे दर वर्षी दिसायचं. गावात चौथीपर्यंतच शाळा, म्हणून पाचवीला पोरं एसटीनं मोठ्या गावी येतात. आपल्या शाळेत सर्वांत मोठी होती, इथं सर्वांत लहान. गाव छोटं, बोली वेगळी, पायात रबरी चप्पल. चिडवायला तेवढं पुरतं. जातही पुरते, फक्त शिक्षकखोलीत ते कोणी बोलून दाखवत नाही.

माझी एक चूक सांगतो. तांड्यावरून येणारा सहावीतला मुलगा होता. बोलताना मधेच गोरमाटी, म्हणजे त्याच्या बंजारा बोलीतला, शब्द आला की मागच्या बाकांवर हशा. बसमध्ये त्यानं बसायचं नाही, मोठ्यांची दप्तरं धरून उभं राहायचं, असा जणू नियमच. एक दिवस धीर करून त्यानं मला सांगितलं. मी त्याला आणि त्याला त्रास देणाऱ्या मोठ्या पोराला ऑफिसात समोरासमोर उभं केलं, दम दिला, हात मिळवायला लावला. 'झालं न बे आता? जा वर्गात.' मिटलं, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या वह्या नाल्यात. विचारलं तर म्हणे, 'मीच पाडल्या सर.' पुढे वर्षभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

बऱ्याच वर्षांनी, शाळेतल्या छळाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांच्या कामाबद्दल वाचलं, तेव्हा कुठे चुकलो ते कळलं. नॉर्वेत १९८२ च्या शेवटी तीन मुलांनी जीव दिला, शाळेतला छळ त्यामागे असल्याचं बोललं गेलं, आणि पुढच्या वर्षी तिथं देशभर मोहीम सुरू झाली. त्यात या माणसाचं काम होतं. त्यांच्या म्हणण्यानुसार भांडण वेगळं आणि हे वेगळं: हे पुन्हा पुन्हा होतं, मुद्दाम होतं, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. भांडणात समेट करता येतो. इथं समेट लावला की लहान पोराला एवढंच कळतं की सरांना सांगून मार वाढतो.

म्हणून तुम्ही 'कोण मारतं' हे विचारत बसू नका, नाव सांगायला त्याला भीती वाटेल. 'कुठं' आणि 'केव्हा' ते विचारा. वर्गात मास्तर असतो, तिथं फारसं काही होत नाही. होतं ते बसच्या मागच्या सीटवर, नळावर, मुतारीमागं, फाट्यावर बस उशिरा येते त्या अर्ध्या तासात. पोट दुखतं म्हणतो ना? घरी आल्या आल्या लघवीला पळतो का, तेही बघा. मुतारीत गाठतात म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलं मी पाहिली आहेत, तीही मार्चच्या उन्हात.

जागा कळली की काम सोपं होतं. नंतर दुसऱ्या एका मुलाच्या वेळी मी आठवडाभर पोरांच्याच बसनं गेलो. कंडक्टरशी बोललो, त्यानं त्याला पुढच्या, आपल्या नजरेतल्या सीटवर बसवायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीत नळावर शिक्षकांच्या पाळ्या लावल्या. (यावरून खोलीत जी कुरकुर झाली, ती वेगळी गोष्ट.) मारणाऱ्याला एकट्याला बोलावलं, फिर्यादीचं नावही न घेता. खरा फरक मात्र हसणाऱ्या पोट्ट्यांमुळे पडला. त्यांतल्या तिघांशी वेगवेगळं बोललो. एक म्हणाला, 'मले नाही आवडत सर, पण नाही हासलो तं माह्यावर येते.' तो कबड्डीच्या टीममधला होता. त्याला म्हटलं, भांडू नको, बसमध्ये फक्त त्या लहान पोराच्या शेजारी बस. तो बसला. पंधरा दिवसांत मागच्या सीटवरची मजाच गेली.

मारणाऱ्याच्या घरी भांडायला जाऊ नका. मी एकदा एका बापाला निरोप धाडला, त्यानं पोराला पट्ट्यानं मारलं, आणि त्याचा सूड कोणावर निघाला असेल ते तुम्हीच ओळखा.

आता शाळेचं. आधी वर्गशिक्षकांना भेटा. आठवडाभरात फरक पडला नाही तर हेडमास्तरांच्या नावे लेखी अर्ज द्या: तारीख, ठिकाण, काय झालं, एवढंच. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा फक्त कॉलेजला आहे असं सगळे समजतात, शाळावालेही. तो शाळेला आणि वसतिगृहालाही लागतो, आणि शाळेबाहेरच्या त्रासालाही, म्हणजे तुमची बस त्यात आली. लेखी तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत मुख्याध्यापकांनी चौकशी करायची असते. तथ्य आढळलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते, आणि दुर्लक्ष केलं तर त्यांच्यावरच बालंट येतं. चौदा वर्षांच्या पोराचं इथवर न्यावं असं मलाही वाटत नाही, पण हा कायदा अर्जात लिहिलेला दिसला की शाळा जागची हलते. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांतल्या एखाद्या बाईला सोबत न्या. त्यानंतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी.

पैसे उकळणं, अंगाला नको तिथं हात लावणं, व्हिडिओ काढून फिरवणं, यांतलं काही असेल तर आठवडाभर थांबू नका. व्हिडिओ जपून ठेवा, पुढे पाठवू नका, आणि १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावा. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो.

अर्ज नेलात की हेडमास्तर म्हणतीलच, 'अर्ज कायले ताई, बोलून मिटवू न.' बसा, चहा घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊनच उठा.