‘छान आहे, नक्की वापरू’ या उत्तराविषयी

प्रिय मित्रा,

भाड्याने दिलेल्या घरांचा हिशेब ठेवणारे अ‍ॅप बनवण्याचा तुझा बेत वाचला. ओळखीच्या घरमालकांनी ‘छान आहे, नक्की वापरू’ असे सांगितले म्हणून तू नोकरी सोडून सहा महिने कोड लिहायला बसणार आहेस, हे मात्र मला घाईचे वाटते. असे म्हणायला कोणाचे काही जात नाही. समोरच्या उत्साही माणसाचे मन मोडवत नाही, एवढाच बहुतेकदा त्याचा अर्थ असतो. (अशाच होकारांच्या भरवशावर मीही एक वर्ष घालवले आहे.)

तेव्हा त्यांच्याकडे पुन्हा जा आणि अ‍ॅपचा विषयच काढू नकोस. गेल्या महिन्यात कोणाचे भाडे थकले, ते कसे लक्षात आले, नोंद कुठे केली, त्यात किती वेळ गेला, असे घडून गेलेलेच विचार. कारण पुढे काय करू हे सांगताना माणूस स्वतःविषयी फार आशावादी असतो. ज्याने वैतागून स्वतःच एक्सेलमध्ये तक्ता बनवला आहे आणि दरमहा तो बँकेच्या नोंदींशी ताडून पाहतो, त्याची अडचण खरी आहे. वहीतल्या दोन ओळींवर ज्याचे भागते, तो कितीही कौतुक करो, तुझा ग्राहक नव्हे.

त्यानंतर पाहायचे ते लोकांच्या कृतीकडे, आणि त्यासाठीही अ‍ॅप लागत नाही. पायात घालून न पाहता लोक इंटरनेटवरून बूट घेतील का, हा प्रश्न १९९९ मध्ये अमेरिकेतले उद्योजक निक स्विनमर्न यांच्यापुढे होता. त्यांनी दुकानांतल्या बुटांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकली आणि मागणी आली की दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घेऊन पाठवला. त्यात नफा नव्हता, पण उत्तर मिळाले. त्यातून उभी राहिलेली झॅपोस ही कंपनी २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली. तूही दोन-तीन घरमालकांचा हिशेब महिनाभर स्वतः ठेवून दे आणि त्याचे पैसे माग. संकोच वाटेल, पण फुकटची सेवा सहसा कोणी नाकारत नाही, म्हणून तिच्यातून काही कळतही नाही.

किती जणांनी पैसे दिले तर पुढे जायचे, तो आकडा मात्र आजच लिहून ठेव. निकालानंतर ठरवलेला आकडा हमखास आपल्या सोयीचा निघतो. पुढच्या पत्रासोबत तो आकडा आणि घरमालकांच्या बोलण्याच्या नोंदी, त्यांच्याच शब्दांत, पाठव.

तुझा शुभचिंतक