तू मध्ये बोललीस, पण कुणाला कळवून?

प्रश्न : मी दुभाषी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात डॉक्टर-रुग्ण संवादाचा सराव होता. गोळ्या कशा घ्यायच्या ते 'रुग्णा'ला उमगलं नाही असं वाटलं, म्हणून मीच सोपं करून सांगितलं. सरांनी गुण कापले. "दुभाष्यानं फक्त बोललेलं पोचवायचं," म्हणाले. न्यायालयाच्या सरावात मात्र मी शब्दाला शब्द धरून राहिले. लहानपणापासून घरातल्या मोठ्यांसाठी मीच भाषांतर करत आले आहे. मग मी नक्की कशी दुभाषी आहे? पुढे कुठल्या क्षेत्रात जाऊ?

उत्तर : दोन्ही ठिकाणी तूच होतीस, आणि दोन्ही वेळा तुला जागेची जाण होती. न्यायालयात साक्षीदार अडखळला, तर ते अडखळणंही न्यायाधीशांपर्यंत जावं लागतं. त्याचं तुटक वाक्य तू नीट करून दिलंस, तर साक्षच बदलली. दवाखान्यात तसं नसतं. तिथे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही एकच हवं असतं, रुग्णाला नीट कळावं. कॅलिफोर्नियात आरोग्यसेवेतल्या दुभाष्यांसाठी 2002 साली मानकं आली, त्यांत दुभाष्याच्या चार भूमिका मान्य केल्या आहेत : बोलणं पोचवणं, न कळलेलं स्पष्ट करून घेणं, दोन संस्कृतींमधला गैरसमज उलगडणं आणि गरज पडल्यास रुग्णाची बाजू मांडणं. म्हणजे 'फक्त पोचवायचं' हा व्यवसायाचा एकमेव नियम नाही.

तरीही सरांनी गुण कापले ते योग्यच केलं असं मला वाटतं, कारण मात्र वेगळं आहे. तू काय सांगितलंस ते डॉक्टरांना कळलंच नाही. तुझ्या सोप्या वाक्यात दोनऐवजी तीन गोळ्या गेल्या असत्या, तर ती चूक पकडणारं खोलीत कुणी नव्हतं. अशा वेळी उघड बोलायचं : "हे मी दुभाषी म्हणून विचारते, रुग्णाला हे समजलं नसावं. पुन्हा सोप्या शब्दांत सांगाल का?" आणि आपण डॉक्टरांना काय विचारलं, ते लगेच रुग्णालाही त्याच्या भाषेत सांगायचं. मध्ये बोलायला हरकत नाही. एकाला अंधारात ठेवून बोलू नये.

आता ही सवय आली कुठून, ते बघ. घरातल्या मोठ्यांसाठी बोलणारं मूल त्यांच्याच बाजूचं असतं. वाईट बातमी ते मऊ करतं, अवघड प्रश्न आपणच निस्तरतं. त्यामुळे तुला माणसाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ इतरांआधी दिसतो, आणि ही मोठी कमाई आहे. पण अनोळखी रुग्णाची तू मुलगी नाहीस, हे अंगवळणी पडायला वेळ लागेल. कर्णबधिर आईवडिलांची मुलंही अशीच लहान वयात दुभाषी होतात. सांकेतिक भाषेच्या क्षेत्रात या भूमिकेवर पुष्कळ खल झाला आहे. आधी दुभाषी म्हणजे मदतनीस असं मानत, मग त्यावर प्रतिक्रिया म्हणून त्यानं यंत्रासारखं वागावं असं ठरलं, आणि त्यातूनही कर्णबधिरांची अडचण होते हे दिसल्यावर दोन्ही भाषा आणि दोन्ही समाज जाणणारा माणूस ही कल्पना पुढे आली. तुझी ओढाताण एका अख्ख्या व्यवसायानं अनुभवलेली आहे.

दुसरा प्रभाव शिकवणाऱ्यांचा. सरांनी आधी कुठे काम केलं, हे एकदा आदरानं विचार. 'दुभाषी दिसूच नये' ही कल्पना परिषदांच्या बूथमध्ये, म्हणजे दुभाषी बसतात त्या काचेच्या छोट्या खोलीत, चांगली रुजली. 1945 मध्ये नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात बोलणं चालू असतानाच चार भाषांत भाषांतर होऊ लागलं, काचेआडून, हेडफोन लावून. बूथमध्ये तुझ्याजवळ सहकारी असतो, साधारण अर्ध्या तासानं पाळी बदलते, आणि वक्ता तुझ्याकडे वळून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारू शकत नाही. दवाखान्यात रुग्ण नेमकं हेच विचारतो, तेही हातभर अंतरावरून. बूथमधला नियम तिथे जसाच्या तसा नेला की तो तोकडा पडतो.

पहिल्या नोकरीतले वरिष्ठही तुला घडवतील, म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचार : मध्ये थांबवून अर्थ विचारायची मुभा आहे का? अवघड प्रसंगानंतर कुणाशी बोलता येतं?

क्षेत्र मात्र आत्ताच ठरवू नकोस. एका सरावाच्या गुणांवरून तर मुळीच नको. पुढचे काही महिने प्रत्येक सरावानंतर वहीत तीन ओळी लिही : मी कुठे स्वतःहून बोलले, कुणासाठी बोलले, आणि ते दोघांनाही कळलं का? एकदा तू स्वतः 'रुग्ण' होऊन बस. आपलं बोलणं तिसऱ्याच्या हाती असताना कसं वाटतं, ते तिथेच कळतं. आणि सरांना विनंती करून तोच गोळ्यांचा प्रसंग पुन्हा कर, या वेळी ते एक वाक्य उघडपणे म्हणून. समोरचा 'डॉक्टर' काय करतो, ते मला कळव. क्षेत्राचं आपण त्यानंतर बोलू.