वाचक विचारतात : शिंगखत, मोरचूद आणि मेंढरं

गेल्या अंकात आल्प्समधल्या दक्षिण टायरॉलच्या घरगुती वायनरींची ओळख करून दिली होती. मग्रे गावचं आलोइस लागेडेर हे १८२३पासूनचं घराणं आज बायोडायनॅमिक (शिंगखतासारखी खास खतं आणि चंद्राचं पंचांग पाळणाऱ्या सेंद्रिय) पद्धतीनं द्राक्षं पिकवतं, हे त्यात आलं होतं. त्यावर खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथं उत्तरं देत आहोत.

प्रश्न : तिकडे गाईच्या शिंगात शेण भरून पुरतात म्हणे. माझी पाच एकर बाग आहे, जमीन काळी. हे इथं करायचं तर कसं आणि कधी? (शहादा)

याला शिंगखत किंवा ‘बीडी ५००’ म्हणतात. १९२४ साली ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबरविट्झ (आज पोलंडमध्ये) इथं शेतीवर व्याख्यानं दिली, त्यातून ही पद्धत निघाली.

शिंग व्यालेल्या गाईचंच हवं. बुडाशी वळ्या दिसतात, तीच खूण. बैलाचं किंवा म्हशीचं चालत नाही. शेण दुभत्या गाईचं, घट्ट आणि ताजं घ्या. सरकी-ढेप जास्त झालेल्या गाईचं शेण पातळ पडतं, ते शिंगात नीट बसत नाही. ठासून भरा, मध्ये पोकळी ठेवू नका.

खड्डा दीड फूट खोल घ्या. काळ्या जमिनीत खरी अडचण इथंच येते. परतीच्या पावसाचं पाणी खड्ड्यात साचलं की शेणाचं खत होत नाही, ते हिरवं राहतं आणि त्याला घाण वास सुटतो. म्हणून बांधाजवळची उंच, निचऱ्याची जागा निवडा. झाडाखाली मात्र पुरू नका, मुळं शिंगात शिरतात. शिंगाचं तोंड खाली ठेवा, म्हणजे आत पाणी शिरणार नाही. भोवती निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं खत घाला. ओल टिकवा, चिखल होऊ देऊ नका.

टायरॉलमध्ये शिंगं शरदात पुरतात आणि वसंतात काढतात. आपल्याकडे सोपा हिशोब घटस्थापनेपासून होळीपर्यंतचा. उन्हाळ्यापर्यंत ठेवली तर तापलेल्या जमिनीत आतला ऐवज वाळून कडक होतो. चांगलं खत काळसर, मऊ असतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. हिरवट गोळा निघाला तर परत पुरा, टाकू नका. तयार खत मडक्यात भरून मडक्याभोवती नारळाचा भुसा दाबा आणि सावलीत ठेवा. तेच शिंग तीन-चार वर्षं वापरता येतं.

मात्रा एकरी २५ ग्रॅम, कोमट पाणी १५ लिटर. पाणी विहिरीचं किंवा पावसाचं घ्या, क्लोरीनचं नको. काठीनं एका दिशेला ढवळत मधोमध खोल भोवरा पाडायचा, मग झटक्यात दिशा उलटवायची. असं पूर्ण एक तास. नंतर दोन-तीन तासांत, दिवस कलल्यावर, कडुनिंबाच्या डहाळीनं जमिनीवर मोठ्या थेंबांत शिंपडा. जमिनीला वाफसा असावा. कोरड्या ढेकळांवर शिंपडून काही उपयोग नाही. पाच एकरांना वर्षातून दोनदा मिळून पाव किलो लागतं. आठ-दहा शिंगं पुरेशी आहेत, शंभर पुरायची गरज नाही.

प्रश्न : याचं शास्त्रीय प्रमाण आहे का, की नुसती श्रद्धा? (चोपडा)

शिंगखताचा वेगळा, स्वतःचा परिणाम ठामपणे सिद्ध झालेला नाही. एकरी २५ ग्रॅममधून अन्नद्रव्यं मिळतील असं कोणी समजू नये. एकूण पद्धतीबद्दल मात्र भक्कम आकडे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या थेरविल इथं १९७८पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची शेजारी-शेजारी तुलना चालू आहे. पहिल्या २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. सेंद्रिय पद्धतींचं उत्पादन सुमारे २० टक्के कमी होतं. खत आणि ऊर्जा मिळून निविष्ठा ३४ ते ५३ टक्के कमी लागली. ती पिकं गहू, बटाटा, गवत-क्लोव्हर अशी आहेत, द्राक्ष नव्हे. आमचं मत असं की कंपोस्ट, ताग-धैंचा आणि आच्छादन नीट झालं नसेल तर शिंगाच्या मागे लागू नये. आधी शेणखत तरी पुरेसं आहे का, ते बघा.

प्रश्न : शिंगातली गारगोटी (बीडी ५०१) फवारली की गोडी वाढते का? (साक्री)

बारीक दळलेली स्फटिक गारगोटी उन्हाळाभर शिंगात पुरून हे तयार करतात. मात्रा एकरी १ ग्रॅम, पाणी आणि ढवळणं वरच्यासारखंच. सूर्य उगवताना पानांवर अगदी बारीक तुषार उडवायचे. डोंगराच्या सावलीतल्या दरीत पीक पक्व व्हावं म्हणून तिकडे याला महत्त्व देतात. आपल्याकडे उन्हाची टंचाई कधी होती? घ्यायचंच असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतर, थंडीत, घड धरल्यावर घ्या. फुलोऱ्यात नको, पाण्याचा ताण असताना नको, आणि एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नको.

प्रश्न : मी एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं द्रावण) एकरी २०० लिटर, हंगामात सहा वेळा मारतो. मोरचूद सेंद्रियात चालतो, मग अडचण काय? (शिरपूर)

अडचण हिशोबात आहे. मोरचुदात २५ टक्के तांबं असतं. तुमच्या एका फवारणीत २ किलो मोरचूद, म्हणजे अर्धा किलो तांबं जातं. सहा फवारण्यांचं एकरी ३ किलो, म्हणजे हेक्टरी साडेसात किलोच्या आसपास. युरोपीय संघात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलोची मर्यादा आहे. बायोडायनॅमिकचं प्रमाणपत्र देणाऱ्या डेमेटरची मर्यादा वर्षाला ३ किलो, म्हणजे एकरी १ किलो २०० ग्रॅम. तांबं कुजत नाही, वाहूनही फारसं जात नाही. ते वरच्या थरात साठत जातं आणि गांडुळांना मारक ठरतं.

अर्धा टक्का वापरलं तर एका फवारणीला पाव किलो तांबं लागतं आणि डेमेटरच्या मर्यादेत चार फवारण्या बसतात. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिक बादल्यांत भिजवा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओता, उलटं करू नका. लोखंडी भांडं नको. मग घासलेलं सुरीचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. तसंच मारलं तर कोवळी फूट करपते. द्रावण त्याच दिवशी संपवा.

फवारणी कमी करायची तर पानं लवकर वाळली पाहिजेत, कारण केवडा (डाउनी) हा बुरशीचा रोग ओल्या पानावरच शिरतो. दक्षिण टायरॉलच्या खालच्या भागात दुपारी गार्डा सरोवराकडून ‘ओरा’ नावाचा वारा येतो आणि पानं कोरडी करतो. आपल्याकडे ते काम विरळणीनं करायचं. घडाजवळची पानं आणि वांझ फुटी वेळेवर काढा. संध्याकाळी वरून पाणी मारू नका.

प्रश्न : बायोडायनॅमिक पंचांग आणि आपलं पंचांग एकच का? (यावल)

जवळचं आहे, एक नाही. बायोडायनॅमिक पंचांग बनवणाऱ्या जर्मनीच्या मारिया थून यांच्या पंचांगात चंद्र मेष, सिंह, धनूत असताना फळाचे दिवस. वृषभ, कन्या, मकरेत मुळाचे. मिथुन, तूळ, कुंभेत फुलाचे आणि कर्क, वृश्चिक, मीनेत पानाचे. अग्नी, पृथ्वी, वायू, जल हेच आपलं ओळखीचं वर्गीकरण. फरक असा की आपल्या राशी एकसारख्या, प्रत्येकी ३० अंशांच्या, तर त्यांच्या आकाशातल्या तारकासमूहांएवढ्या, म्हणजे कन्या मोठी आणि कर्क लहान. त्यामुळे राशीच्या कडेला काही तासांपासून एखाद्या दिवसापर्यंत फरक पडतो. पण केवडा दिसला असताना फळाच्या दिवसाची वाट बघत बसू नका.

प्रश्न : तिकडे हिवाळ्यात मळ्यात मेंढ्या सोडतात. आमच्याकडे ठेलारी मेंढपाळ येतातच, मग द्राक्षात मेंढरं बसवावीत का? (धुळे)

तिकडे हिवाळ्यात वेल निष्पर्ण असतो, मेंढरांना खायला फक्त खालचं गवत. आपला वेल बारमाही हिरवा. त्यामुळे माल उतरल्यापासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंतचेच दिवस हाती असतात, आणि तेही मांडव डोक्यापेक्षा उंच असेल तरच. वाय पद्धतीच्या (इंग्रजी ‘Y’ आकाराच्या आधारांवर वेल चढवलेल्या) बागेत मेंढरं फुटी ओरबाडतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठतं आणि पुढं कधीतरी जनावर अचानक दगावतं. त्या हंगामात बोर्डो मारलेला असेल तर त्या गवतावर मेंढरं घालू नका, आणि ठेलाऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगा. मेंढरं शेजारच्या कापसाच्या रिकाम्या रानात बसवा.