आधी वैरण, मग जनावर

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा वाचला. गोठ्याचं चित्र नेटकं आहे, गव्हाणीची उंचीसुद्धा मोजून काढली आहेस. दहा गाई, त्यांचं दूध, शेजारी पिकांचा वेगळा तक्ता. आणि वैरणीपुढे एकच शब्द: 'विकत'. गाई घ्याव्यात की शेळ्या, दहा की सहा, असं विचारतोस. अरे, वैरण मोजल्याशिवाय सांगू कसं?

आधी वैरण, मग जनावर.

400 किलोच्या दुभत्या गाईला, चाऱ्या-खुराकातलं पाणी वजा जाता, रोज साधारण 12 किलो लागतं. वर्षाचे झाले जवळजवळ साडेचार टन. दहा गाईंचे किती, ते तूच मांड. हिरव्या चाऱ्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, तेव्हा हिरवा ढीग पाहून हुरळू नकोस. कडबा, भुसा, मका, लसूणघास, तुझ्या रानात काय किती निघेल ते लिही. आणि चांगल्या वर्षाचं नको, पाऊस दगा देईल त्या वर्षाचं लिही. त्यात बसतील तेवढ्याच गाई.

मला लोक घाबरट म्हणायचे. दावणीला जागा असताना मी एक जातिवंत गाभण कालवड विकली, कारण वैरण पुढच्या हंगामापर्यंत पुरत नव्हती. तिची हळहळ अजून जात नाही. पण ज्यांनी सगळी जनावरं ठेवली, ते टंचाईत मिळेल त्या भावाने पेंढा आणत होते. नुसत्या पेंढ्यावर दूध आटतं, गाय वेळेवर माजावर येत नाही, खर्च मात्र चालूच राहतो. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा कालवड विकीन. हट्टी म्हणायचं तर म्हण.

म्हणूनच गाईंचा एक आणि पिकांचा एक असे तुझे दोन वेगळे तक्ते मला खटकले; वैरण पिकांतूनच तर यायची. मका दाणा चिकात असताना कापून, कुटी करून, हवा राहणार नाही असा दाबून झाकलास, तर दीड महिन्यात मुरघास तयार होतो. कोरड्या महिन्यांची सोय तिथेच झाली. लसूणघास जमिनीला नत्र देते, पण ओली आणि कोवळी, तीही उपाशी गाईला घातलीस तर पोट फुगेल. आधी थोडा कडबा टाकत जा.

आता शेण. गाय दिवसाला वीसेक किलो शेण टाकते, ते तू धरलं आहेस. पण बाहेर पडणाऱ्या नत्रातला जवळजवळ निम्मा वाटा मूत्रात असतो, आणि तुझ्या चित्रात मूत्राला वाटच नाही! फरशीला उतार दे, नाली काढ, खालच्या टोकाला पाचटाने भरलेला खड्डा घे. जे नत्र तिथे मुरेल तेवढं खत कमी विकत घ्यावं लागेल, आणि पुढची वैरण त्याच्यावरच उभी राहील.

कर्जाच्या अर्जावर इतक्यात सही करू नकोस. पुढच्या पत्रात गाईंचा आकडा नको. बारा महिन्यांची वैरण महिनावार मांडून पाठव आणि सगळ्यात ओढीचा महिना लाल शाईने दाखव. मग गाईंचं बोलू.

तुझा,
काका