थांबलेलं मीटर आणि पाठवलेला अंगठा

प्रश्न: माझ्याकडे 2008 चं डिझेल पिकअप आहे. वाशीच्या मार्केटमधून भांडुपला भाजी आणायला वापरतो. बावीस महिन्यांपूर्वी मीटरचे आकडे 1,87,412 वर अडकले. स्पीडचा काटा मात्र व्यवस्थित चालतो. आता गाडी विकायची आहे. नारायणगावकडचे एक शेतकरी, माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे, 2 लाख 40 हजारांना घ्यायला तयार आहेत. 10 हजार बयाणा त्यांनी यूपीआयने पाठवलासुद्धा. इकडे कुर्ल्याचा मेकॅनिक म्हणतो, ‘हे गिऱ्हाईक सोडा. भंगारातल्या गाडीचं 64 हजारवालं मीटर बसवून देतो, दुसरा कोणीतरी तीन लाखांना नेईल.’ ते मला पटत नाही, पण बंद मीटर घेऊन गाडी विकणंही जिवावर येतं. मीटर बदलणं गुन्हा आहे का? आणि समोरच्याने खोदून विचारलं नाही, तर आपणहून सांगायलाच हवं का? (मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मीटरचा फोटो पाठवला होता. ‘म्हणजे एवढीच चालली आहे असं धरून चालतो, नसेल तर सांगा’ असं त्यांनी लिहिलं. मी नुसता अंगठा पाठवला.)

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. पक्षकारांची ही जुनी सवय. तासभर बोलून झाल्यावर दाराशी चपला घालताना म्हणतात, ‘हां वकीलसाहेब, एक राहिलंच...’ आणि केस नेमकी त्या ‘राहिलंच’मध्ये असते. मेकॅनिक आणि त्याचं 64 हजारवालं मीटर थोडा वेळ बाजूला ठेवू. आधी तो अंगठा बघू.

भारतीय करार अधिनियम 1872 चा. त्याच्या कलम 17 मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि खाली उदाहरणं दिली आहेत. ती गाडीची असणं शक्य नव्हतं, म्हणून घोड्याची आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं तुम्हाला हवं असलेलं उत्तर ते हेच. पण पुढे वाचा. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं उदाहरण: घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो.’ विकणारा गप्प राहतो. इथे गप्प राहणं हेच बोलणं.

आता तुमच्या गिऱ्हाइकाचा निरोप पुन्हा वाचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातलं वाक्य त्या शेतकऱ्याने, नकळत का होईना, जवळजवळ जसंच्या तसं लिहिलंय. तुम्ही तर गप्पही राहिला नाहीत, अंगठा दिलात. पूर्वी कागदावर अंगठा उठवताना माणूस दहा वेळा विचार करायचा, हा मोबाईलवरचा अंगठा फारच स्वस्त झालाय. इलेक्ट्रॉनिक पुरावा भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली, प्रमाणपत्र जोडून, कोर्टापुढे येतो. फोटो, त्यांचा निरोप, तुमचा अंगठा, खाली दहा हजारांची पावती, अशी ती माळ न्यायाधीशांना कशी दिसेल याचा विचार करा.

या पायावर ते उद्या करार रद्द करून पैसे परत मागू शकतात किंवा नुकसानभरपाई मागू शकतात. त्यासाठी मुदतीचा कायदा तीन वर्षं देतो आणि फसवणूक असेल तर ही तीन वर्षं विक्रीपासून नाही, लबाडी कळल्यापासून मोजतात. ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’ असं स्टॅम्प पेपरवर लिहिल्याने हे टळत नाही. ते वाक्य न दिसलेल्या खोडीसाठी चालतं, लपवलेल्या खोडीसाठी नाही.

फौजदारी बाजू. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि जुनं 420 आता कलम 318 मध्ये आहे. अप्रामाणिकपणे माहिती दडवणंही त्यात येतं. फसवून मालमत्ता द्यायला लावली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड. मात्र त्यासाठी फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवावं लागतं. तुमचा तो होता असं मला पत्रावरून वाटत नाही, संकोच होता. पण संकोच आणि हेतू यांतला फरक पोलीस चौकीत बसून समजावून सांगायची वेळ येऊ नये, म्हणून आजच्या आज एक काम करायचं आहे. ते पुढे सांगतो.

आता मीटर. ओडोमीटर, म्हणजे गाडी किती किलोमीटर चालली ते दाखवणारं मीटर, दुरुस्त करणं किंवा बदलणं हा गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये ओडोमीटरसाठी वेगळं कलम नाही, आरसी बुकावर किलोमीटर लिहिलेले नसतात, त्यामुळे आरटीओची परवानगी लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 117 स्पीडोमीटर मागतो, आणि तो तुमचा चालतो आहे. टॅक्सी-रिक्षाच्या भाडेमीटरला वैधमापनशास्त्र (वजन-मापं तपासणाऱ्या) खात्याचं सील असतं; तुमच्या डॅशबोर्डवरच्या आकड्यांना कोणाचंच नाही. मेकॅनिक मंडळी इतक्या बिनधास्त ‘मीटर मागे घेऊ का?’ विचारतात ते यामुळेच. गुन्हा मीटर फिरवण्यात नसून फिरवलेलं मीटर दाखवून पैसे घेण्यात आहे. 64 हजारवालं मीटर बसवून गाडी तीन लाखांना विकलीत, तर हेतू सिद्ध करायला दुसरा पुरावाच लागणार नाही, आणि मेकॅनिकही तुमच्याबरोबर आत ओढला जाईल. हे गिऱ्हाईक सोडायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण ते मीटर सोडाच.

यात एक उलटी गंमत आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मीटर बंद आहे तोवर तुम्ही तितके अडचणीत नाही, जितके ते न सांगता दुरुस्त केल्यावर याल. घेणाऱ्याने किलोमीटरभर गाडी फिरवली की आकडा हलत नाही हे त्याला दिसतं, आणि ज्याला साधी काळजी घेऊन खरं कळू शकलं असतं त्याला नुसत्या गप्प बसण्याची तक्रार करणं करार अधिनियमाच्या कलम 19 खाली अवघड जातं. मीटर दुरुस्त केलंत की ही खूण पुसली जाते. आकडे 1,87,412 वरून गुपचूप पुढे सरकू लागतात आणि मधले बावीस महिने जगात कोणालाच दिसत नाहीत, तुम्ही सांगेपर्यंत. म्हणजे प्रामाणिकपणे केलेली दुरुस्तीसुद्धा, न सांगता केली, तर तुमच्या विरोधात जाते.

काटा चालतो आणि आकडे अडकले म्हणजे केबल शाबूत आहे, बहुधा आतल्या प्लॅस्टिकच्या छोट्या गिअरचे दात गेले असावेत. तेवढा गिअर बदलला तर मीटर तेच, आकडा तोच. पहिली पसंती यालाच. ते जमलंच नाही आणि दुसरं मीटर बसवावं लागलं, तर तुमच्याच मॉडेलचं घ्या, नाहीतर स्पीडही चुकीचा दाखवेल. आणि मीटरवाल्याकडून आकडे 1,87,412 वर लावून घ्या. अंदाजाने दोन लाखांवर काही लावू नका. मीटरवर मोजलेलाच आकडा असावा, अंदाज कागदावर. बिलावर गाडीचा नंबर, तारीख, काम, जुनं रीडिंग, नवं रीडिंग. मीटरवाला बिल देत नसेल तर साध्या कागदावर लिहून त्याची सही घ्या. अमेरिकेत यासाठी 1972 पासून केंद्रीय कायदाच आहे: दुरुस्तीनंतर जुना आकडा ठेवता आला नाही तर मीटर शून्यावर लावायचं आणि आधीचं रीडिंग व तारीख लिहून दाराच्या डाव्या चौकटीवर चिठ्ठी लावायची. आपल्याकडे सक्ती नाही, पण दाराच्या आत अशी चिठ्ठी लावायला पाच रुपयेही लागत नाहीत.

आता आजचं काम. वाशीला जाऊन-येऊन 40 किलोमीटर धरले, महिन्याला 26 फेऱ्या, बावीस महिने, तर 22,880 होतात. म्हणजे गाडी 2 लाख 10 हजारांच्या वर गेली आहे. गावाला गेला असाल तर ते वेगळे. फोनवर बोलू नका, त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: ‘दादा, फोटोतला 1,87,412 हा आकडा मीटर बंद पडलं त्या दिवशीचा आहे. त्याला बावीस महिने झाले. त्यानंतर गाडी अंदाजे 23 हजार किंवा थोडी जास्त चालली असेल. हे मी आधीच सांगायला हवं होतं. व्यवहार नको असेल तर दहा हजार आज परत करतो. हवा असेल तर किंमत पुन्हा बोलू.’ त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत बाकीच्या रकमेतला एक रुपया घेऊ नका. नको म्हणाले तर बयाणा ज्या खात्यातून आला त्याच खात्यावर परत करा, मेव्हण्याच्या हाती रोख नको.

माझा अंदाज, ते मोडणार नाहीत. अठरा वर्षांच्या डिझेल पिकअपला कोणी किलोमीटर बघून घेत नाही. इंजिन, चॅसी आणि फिटनेस बघून घेतो. पाच-दहा हजार खाली यावं लागेल, या. कोर्टाची पहिली तारीख त्याहून महाग पडते.

व्यवहार ठरला तर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर विक्रीपत्र करा, त्यात थांबलेल्या रीडिंगचा, अंदाजी किलोमीटरचा आणि दुरुस्तीच्या तारखेचा उल्लेख करून खाली त्यांची सही घ्या. गाडीवर कर्जाचा बोजा चढवलेला असेल तर आधी उतरवून घ्या. आणि मालकी हस्तांतराचे फॉर्म 29, 30 सही करून ‘ते बघतील’ म्हणून सोडून देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे हस्तांतर 14 दिवसांत आरटीओला कळवणं तुमचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलंय की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला मालक तोच. टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली गाडी माळशेज घाटात कोणाला धडकली तर नोटीस भांडुपला येईल.

गाडी सोपवताना ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. मीटर बदलावं लागलंच, तर जुनं मीटर मेकॅनिककडे ठेवू नका. पिशवीत घालून गाडीबरोबर त्यांनाच द्या आणि पावतीत त्याची एक ओळ टाका.